वसईची खारी हवा आणि लुकलुकणारा पडदा

पश्चिम रेल्वेच्या गाडीने विरारकडे जाताना भाईंदर सुटले की वसईची खाडी लागते. खाडीच्या अंगाने मिठागरांचे चौकोन दिसतात आणि डब्यात खारा वारा शिरतो. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला याच खाडीच्या मुखाशी उभा आहे. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला आपण आगाशी-निर्मळच्या बाजूला गेलात, तर अजूनही केळीच्या, नागवेलीच्या आणि मोगऱ्याच्या वाड्या दिसतील. पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारी बावखले दिसतील. याच पाण्यामुळे समुद्र हाकेवर असूनही इथल्या विहिरी गोड राहिल्या.

स्टेशनाजवळचे जग मात्र निराळे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, आणि वस्ती तर त्याच्या आधीपासूनच वाढत होती. आता भाजीच्या टोपल्यांशेजारीच मोबाईल आणि लॅपटॉप दुरुस्तीची दुकाने दाटीने बसली आहेत. वाडीवाल्यांच्या घरातही लॅपटॉप आला आहे. मुलांचा अभ्यास, सातबारा आणि योजनांचे अर्ज त्यावरच होतात.

तिथल्या एका बागायतदाराच्या घरची हकीकत सांगतो. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, परीक्षा तोंडावर आलेली, आणि लॅपटॉपचा पडदा लुकलुकू लागला. दुकानदाराने यंत्र हातात घेतले न घेतले तोच निकाल दिला, "मदरबोर्ड गेला. चौदा हजार लागतील. त्यापेक्षा नवाच घ्या." घरात पुढच्या लागवडीसाठी राखलेले पैसे होते, त्यांनाच हात लावायची वेळ आली. मी केळी पाहायला गेलो होतो, तेव्हा हा विषय निघाला.

शेतकरी बंधुभगिनींनो, विहिरीवरची मोटार सुरू होत नाही म्हणून कोणी लगेच रिवाइंडिंगला टाकतो का? आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टर, मग कंडेन्सर. पान पिवळे दिसले की औषध फवारण्याआधी मुळाशी पाणी साचले आहे का ते बघतो. तीच रीत इथे लावायची.

पहिली परीक्षा झाकणाची. लॅपटॉपचे झाकण सावकाश मागेपुढे करा. कोन बदलला की लुकलुक थांबते किंवा वाढते, असे झाल्यास बिजागरीतून पडद्याकडे जाणाऱ्या वायरीवर संशय घ्यावा. रोजच्या उघडझापीने ती झिजते किंवा तिचे टोक सैल होते. खाऱ्या दमट हवेत स्टार्टरच्या तांब्यावर हिरवी पुटे चढतात ती आपण पाहिलीच आहेत. लॅपटॉपच्या जोडांनाही ही हवा मानवत नाही.

दुसरी परीक्षा घरच्या टीव्हीची. एचडीएमआय वायरीने लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्थिर आणि लॅपटॉपवरच लुकलुक असेल, तर दोष बहुधा पडद्यात किंवा त्याच्या वायरीत आहे. दोन्हीकडे लुकलुकले तर आतील चित्र-यंत्रणा किंवा तिची प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, तपासावा.

तिसरी परीक्षा विंडोज असलेल्यांसाठी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजरची चौकट उघडेल. बाकीच्या पडद्याबरोबर तीही लुकलुकली तर बहुधा ड्रायव्हर बिघडला आहे. तेवढी चौकटच स्थिर राहिली तर एखादा प्रोग्राम खोडी करतो आहे. पण यंत्र सुरू होताना, विंडोज येण्याआधीच पडदा लुकलुकत असेल, तर दोष यंत्रातच शोधावा. चार्जर काढून बॅटरीवर चालवूनही पाहावे. तेव्हा लुकलुक थांबली तर चार्जर किंवा घरचे अर्थिंग तपासून घ्यावे. बॅटरी फुगून खालचा भाग वर आला असेल, तर मात्र यंत्र वापरूच नये.

त्या घरी झाकण अर्धे मिटले की पडदा शांत होई आणि टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसे. दुसऱ्या दुकानात हे सांगितल्यावर त्याने वायर बदलून दिली. बाराशे रुपयांत काम झाले. पहिला माणूस लबाड होता की घाईत होता, देव जाणे. पण त्याने झाकण हलवूनही पाहिले नव्हते एवढे खरे.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी करा. हमीची मुदत बाकी असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रातच जा. यंत्रातील कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. कोणता भाग बदलणार आणि किती पैसे, हे लिहून मागा. बदललेला जुना भाग आणि पावती परत घ्या. निदान पटले नाही तर दुसऱ्या दुकानी विचारण्यात संकोच कसला? फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि काळजी आपल्या हातची. झाकण एका कोपऱ्याने ओढू नका, मधोमध धरून उघडा. पावसाळ्यात यंत्र उघड्या खिडकीपाशी ठेवू नका. बियाणे घेताना पिशवीवरचे लेबल वाचणारा शेतकरी दुकानदाराच्या एका वाक्यावर चौदा हजार का मोजेल?