घरच्या जाळ्याचे परिमाण

व्यापारी घराण्यात दुकान आणि घर यांच्यामध्ये पुष्कळदा एका जिन्याचेच अंतर असते. खाली पेढी, वर बिऱ्हाड आणि दोहोंना पुरणारी इंटरनेटची एकच जोडणी. संगणक एकच होता तोवर हे निभावून गेले. आता बिलाचा संगणक, छपाईयंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, टीव्ही, मुलांचे वर्ग आणि प्रत्येकाचा मोबाईल, सारे त्याच वाय-फायवर अवलंबून असतात. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून घर मोबाईलकडे वळते, त्याच वेळी खाली दिवसाचा हिशेब मिळवायचा असतो. त्यात महिन्याची 20 तारीख असावी, जीएसटीचे विवरणपत्र भरायचे राहिलेले असावे, की जिन्यावरून आवाज चढू लागतात. वास्तविक दोष कोणाचाच नसतो. वाय-फायची वाट सर्वांत मिळून एक असते. एक बोलत असताना दुसऱ्याला थांबावे लागते.

म्हणून जे यंत्र जागचे हलत नाही त्याला तार द्यावी आणि वाय-फाय हिंडत्या मोबाईलसाठी मोकळे ठेवावे, हा पहिला नियम. घरगुती राउटरला तारांसाठी बहुधा चारच जागा असतात. त्यापुढची सोय नेटवर्क स्विच करतो.

स्विचचे काम पेढीवरच्या जुन्या मुनीमासारखे आहे. त्याच्याआधी 'हब' नावाची पेटी असे. आलेला प्रत्येक निरोप ती सर्वांना वाटून टाकी. स्विच मात्र कोणत्या जागेवर कोणते यंत्र आहे हे त्याच्या पत्त्यावरून ओळखतो आणि ज्याचा निरोप त्यालाच देतो. एखादे यंत्र काही काळ, साधारणतः 300 सेकंद, गप्प राहिले तर त्याची नोंद तो पुसून टाकतो. पुन्हा बोलले की पुन्हा लिहितो. इथरनेटचा असा पहिला स्विच 1990 मध्ये अमेरिकेतील 'कल्पना' नावाच्या कंपनीने बाजारात आणला. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक; कंपनीला त्यांनी पत्नीचे नाव दिले होते. पुढे 1994 मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली.

स्विच निवडताना पहिला प्रश्न येतो तो संख्येचा. बाजारपेठेतल्या एका तिमजली घरात थोरल्या बंधूंनी कार्यालयातून निघालेला 24 जागांचा जुना स्विच स्वस्तात मिळतो म्हणून ठरवून टाकला होता. घरातल्या आजींनी एवढेच विचारले, "लागणार किती, ते मोजलं का?" परिग्रह-परिमाण व्रत पाळणाऱ्या बाईंचा तो रोजचाच प्रश्न. मोजणी झाली: बिलाचा संगणक, छपाईयंत्र, रेकॉर्डर, टीव्ही, नातवाचा संगणक आणि वरच्या मजल्यावर वाय-फाय देणारा ॲक्सेस पॉइंट, अशा सहा जागा. राउटरकडे जाणारी तार ही सातवी. ती धरायला बहुतेक जण विसरतात. एक जागा शिल्लक ठेवून आठ जागांचा स्विच पुरला. त्याला पंखा नाही, म्हणून आवाजही नाही. 24 जागांचा तो जुना संच रात्रंदिवस पंखा फिरवीत वीज खात बसला असता.

दुसरा प्रश्न वेगाचा. 'फास्ट इथरनेट' हे नाव वेगवान वाटले तरी त्याची मर्यादा सेकंदाला 100 मेगाबिट असते. घरी 200 मेगाबिटची जोडणी घेऊन मध्ये असा स्विच बसविला, तर निम्मा वेग दारातच अडतो. म्हणून गिगाबिट स्विच घ्यावा. मात्र विकत घेतलेल्या जोडणीपेक्षा अधिक वेग कोणताही स्विच देत नाही. आहे तो नीट वाटतो, इतकेच.

कॅमेऱ्यांना त्याच तारेतून वीज द्यायची असेल, तर 'पीओई' स्विच लागतो. त्याच्या मूळ मानकानुसार एका जागेवर 15.4 वॅटपर्यंत वीज देता येते. पण आठ जागा म्हणजे 123.2 वॅट मिळतीलच असे नाही. खोक्यावर एकूण मर्यादा 60 वॅट लिहिलेली असेल, तर सर्व कॅमेऱ्यांची मागणी मिळून तिच्या आत राहिली पाहिजे. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याचा नियमच इथेही लागू आहे: उचल कितीही ठिकाणांहून करा, मर्यादा एकच.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि दुकानात तो क्वचितच विचारला जातो. साध्या स्विचवर जोडलेली सर्व यंत्रे एकाच दालनात बसल्यासारखी असतात. मुलाने खेळाबरोबर एखादा घातक प्रोग्राम उतरवून घेतला, तर त्याला दुकानाच्या वह्यांपर्यंत पोचायला मध्ये भिंत नसते. 'मॅनेज्ड' किंवा 'स्मार्ट' स्विचमध्ये व्हीलॅन करून पेढी आणि बिऱ्हाड वेगळे ठेवता येते. राउटरलाही ती विभागणी समजणारा असावे लागते. असा स्विच थोडा महाग पडतो. पण ज्या घरात ग्राहकांची येणी-देणी संगणकात आहेत, तिथे ही भिंत चैनीची वस्तू नव्हे. तिजोरी दिवाणखान्यात उघडी ठेवण्याची रीत कोणत्याच पेढीत नाही. स्विचसोबत आलेला मूळ पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदलावा, नाहीतर भिंतीला दार उघडेच राहते.

वापरातल्या गोष्टी थोड्या, पण पाळण्याजोग्या आहेत. तार शुद्ध तांब्याची, कॅट-6 प्रतीची असावी आणि सलग लांबी 100 मीटरच्या आत राहावी. विजेच्या तारांना खेटून ती नेऊ नये. एकाच तारेची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये खोचली, तर निरोप गोल फिरत राहून सारे जाळे ठप्प होते; साध्या स्विचला ते बहुधा सावरता येत नाही. वीज गेल्यावर राउटर चालू आणि स्विच बंद असे होऊ नये, म्हणून दोन्ही एकाच यूपीएसवर असावेत.

शेवटी प्रत्येक तारेला चिठ्ठी लावावी आणि कोणती तार कुठे जाते हे मराठीत लिहून हिशेबाच्या कपाटात ठेवावे. ज्या मुलाने हे सारे जोडलेले असते, तो उद्या शिक्षणासाठी परगावी जातो. पेढी आणि घर मात्र चालतच राहते. मुनीमाला किंवा सूनबाईंना तो कागद वाचून बिघडलेली तार शोधता आली, तरच ती व्यवस्था खऱ्या अर्थाने घराची झाली असे म्हणता येईल.