गळालेलं पान

आमच्या घरी मुलं वाढवायचं पुस्तक एकच होतं, अंकलिपी. दर जूनमध्ये नवी यायची आणि दिवाळीपर्यंत तिचं शेवटचं, औटकीचं पान गळून जायचं. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की आजी भिंतीला टेकून वाती वळायची आणि आमचा परवचा सुरू व्हायचा. तिला अक्षरओळख नव्हती, पण पावकी-निमकी तोंडपाठ. कुणी अडखळलं की वाती थांबायच्या आणि तोच हात कानाशी यायचा. आईनं मुलांबद्दल काही वाचावं, हे तिच्या स्वतःच्याही डोक्यात नव्हतं. ‘श्यामची आई’ तेवढं वाचलं होतं, आणि मग आठवडाभर आपण कुठे कमी पडतो याचा हिशेब मांडत बसली होती.

खरं तर कान न पिळता शिकवता येतं, हे मराठीत कधीच छापून झालं होतं. ताराबाई मोडक १९३३पासून ‘शिक्षणपत्रिका’ काढत होत्या. पुढे कोसबाडला त्या आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांना बिया, पानं, शंखशिंपले हाताशी देऊन शिकवत होत्या. आमच्या माजघरापर्यंत यातलं काही पोचलं नाही.

आता लेकीकडे पुस्तकांची फळी भरलीय. ‘वंशवेल’ डोहाळजेवणातच आलं, तेही दोघींकडून. शेजारी शोभा भागवतांचं ‘आपली मुलं’, ‘तोत्तोचान’, गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’, ‘पालकनीती’चे अंक. ती पेन्सिलीनं खुणा करत वाचते. कधीकधी मुलापेक्षा पानाकडेच जास्त बघते असं मला वाटतं, बोलत नाही. नातवाचा कान मी एकदाही लाल झालेला पाहिला नाही, हेही खरं.

२०१९मध्ये दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं, तेव्हा मी चांगली तणतणले होते. परवा लेकीनं नातवापुढे राजमा ओतला. त्यानं दहादहाचे दोन ढीग केले, एक दाणा बाजूला ठेवला, म्हणाला, ‘‘वीस आणि हा एक.’’ मी गप्प मटार सोलत राहिले.

‘‘आई, औटकी म्हणजे काय गं?’’ लेकीनं मधेच विचारलं.

‘‘साडेतीनचा पाढा.’’

‘‘म्हण ना.’’

साडेतीन, सात, साडेदहा, चौदा... तेवढंच आलं. नातू दाणा हातात धरून पुढच्याची वाट बघत होता.