गर्दीलाही दिशा असते

मुंबईला निघालेल्या माणसाला गावाकडे एकच ताकीद मिळते : "गर्दीत सांभाळा!" पण सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही अकोल्याहून मुंबईला गेलो. सोबत दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी हैराण आत्याबाई. त्यांना परळच्या रुग्णालयात दाखवायचे होते. त्या आठ दिवसांत कळलेल्या चार गोष्टी वाचकांपुढे ठेवतो.

मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि अरुंद. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि पुढे वस्ती रुळांच्या कडेने वाढत गेली. कचेऱ्या फार करून दक्षिणेला, राहणारी माणसे उत्तरेला. म्हणून सकाळचा लोंढा दक्षिणेकडे आणि संध्याकाळचा उत्तरेकडे. पाहुण्याने होता होईल तो उलट दिशा धरावी. सकाळी आठच्या सुमारास आम्ही दादरला उतरलो आणि पुलावरून पश्चिम रेल्वेकडे गेलो. अंधेरीकडे जाणाऱ्या गाडीत आत्याबाईंना बसायला जागा मिळाली. त्याच वेळी समोरून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीच्या दारात माणसे लोंबकळत होती.

परळला मात्र लोंढ्याच्याच दिशेने जायचे होते. डॉक्टरांनी दहाला बोलावले होते. आम्ही सहालाच घर सोडले. तेथे तीन तास बाकावर बसलो, पण आत्याबाईंना धक्का लागला नाही. परळसाठी पश्चिम रेल्वेने प्रभादेवीला उतरावे लागते. पूर्वी हे एल्फिन्स्टन रोड स्थानक. २९ सप्टेंबर २०१७ रोजी पावसात येथील पुलाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. ती रोजच्या सवयीची माणसे होती. तेव्हा जिना तुंबलेला दिसला की फलाटावरच थांबावे. एक गाडी चुकली तर दुसरी मिळते.

लोकल स्थानकावर जेमतेम अर्धा मिनिट थांबते. आधीच्या स्थानकापासूनच दाराकडे सरकावे, पुढच्याला "उतरणार का?" असे विचारावे. फलाट कोणत्या बाजूला येईल तेही विचारून ठेवावे. विचारणाऱ्याला कोणी हसत नाही. दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवासाची मुभा आहे. कागदपत्रे जवळ बाळगावीत. अंधेरीहून घाटकोपरला आडवे जायचे तर रस्त्याच्या नादी न लागता २०१४ पासून धावणारी मेट्रो धरावी. रिक्षा वांद्रे आणि शीवपर्यंतच चालतात; पुढे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

रस्ता ओलांडताना म्हातारे माणूस आणि मुले मध्ये घ्यावीत, जाणत्यांनी दोन्ही कडांना राहावे. सिग्नल बदलायला आला असेल तर धावू नये. पुढच्या सिग्नलची वाट पाहावी. मुंबईत अंतर किलोमीटरने मोजू नये, वेळेने मोजावे आणि जेवढा वेळ लागेल असे वाटते, त्याच्या दुप्पट हाताशी ठेवावा.