वारस नोंद

शिळफाट्याला उतरलं की घाट चढणाऱ्या ट्रकांचा जळका वास नाकात बसतो. शेतांच्या बांधापर्यंत तो सोबत करतो आणि मग केव्हातरी, आपल्याला कळायच्या आत, ओल्या पेंढ्याच्या आणि कुजक्या सागपानांच्या वासात विरून जातो. तिथे पणजोबांचं शेतघर आहे. आहे म्हणायचं. आढं मधोमध खचलंय, कौलं कुणीतरी उतरवून नेली (नेली तर नेली, कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर झालं असेल), ऐनाच्या खांबांवरून वाळवीने मातीच्या रेघा वर चढवल्या आहेत. ओटीच्या भिंतीतला कोनाडा तेवढा शाबूत. त्याच्या कमानीवरची काजळी अजून बोटाला लागते.

ती काजळी चिमणीची. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली कोसळे आणि त्यातून निघालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जाई. पायथ्याच्या या घरात मात्र पुढे कित्येक वर्षं रॉकेलच जळत होतं. आजी सांगायची, ओटीवरून वीजघराचे दिवे दिसत, आणि ते बघत बघत ती चिमणीच्या उजेडात तांदूळ निवडत बसे. तक्रार म्हणून नाही. ज्याचं त्याचं प्रारब्ध, अशा सुरात. वीज करून झालेलं पाणी पुढे पाताळगंगेत सोडतात, म्हणून ती भर उन्हाळ्यातही वाहती असते, एवढं मात्र ती कौतुकाने सांगे.

आता बांधापलीकडे फार्महाऊसं झाली आहेत. द्रुतगती मार्ग झाल्यापासून इथल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. तीही घरं सोमवार ते शुक्रवार रिकामीच असतात, पण त्यांना कुणी पडकी म्हणत नाही.

पूर्वज शोधायचे तर आपल्याकडे त्र्यंबकेश्वराला जातात. तिथल्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याची नावं एकाखाली एक उतरलेली आहेत, बाप, मुलगा, नातू; मोडीतून देवनागरीत आलेली, शाई फिकटत गेलेली. वाचताना ऊर भरून येतो, आणि मग हळूच जाणवतं की या सगळ्यांनी मिळून हे घर एकदाही सारवलेलं नसणार. राबाच्या धुरात डोळे चोळणाऱ्या, इरलं पांघरून आवणीला वाकणाऱ्या, कणगीतलं भात पुढच्या पिकापर्यंत पुरवणाऱ्या बायका त्या वहीत कुठेच नाहीत.

आमच्यापैकी हे घर खरं ठाऊक होतं ते आत्याला. कुठल्या वाशाखाली पाऊस गळतो, माजघराची कडी कशी उचलून लावायची, सगळं. १९५६ च्या कायद्याने मुलगी बापाची वारस झाली, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही भावाच्या बरोबरीला आली. तरी आजोबांच्या पश्चात आत्याने हक्कसोडपत्र करून दिलं, माहेर तुटू नये म्हणून. साडीचोळी झाली, जेवणं झाली, कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला हा व्यवहार कधी पटला नाही. जमीन ठेवून घेतलेल्यांपैकी एकानेही पुढे त्या छपरावर चार कौलं टाकली नाहीत.

तुमच्या गावच्या जमिनीचे जुने फेरफार कधी काढलेत, तर त्यांत बहिणींची नावं बघा. बहुतेक ती एकदाच सापडतील, आणि तीही हक्क सोडला म्हणून.