गुलाबी नगरीतली तिसरी चौपड

जयपूर म्हटले की हवामहल, जंतरमंतर आणि आमेरचा किल्ला डोळ्यांपुढे येतो. आम्हीही तेच पाहायला निघालो होतो. पण मनात घर करून राहिला तो तिथला एक सरळ रस्ता.

आग्र्याहून येताना गाडी गांधीनगर स्टेशनवर थांबली. स्टेशनमास्तर बाई, तिकीट तपासनीस बाई, पहाऱ्यावरही बायकाच! "आई, हे तर आपल्या माटुंग्यासारखंच!" मुलगी म्हणाली. खरेच होते. माटुंगा स्टेशन जुलै 2017 मध्ये महिलांकडे सोपवले गेले आणि फेब्रुवारी 2018 मध्ये हे. लोकलखेरीज इतर मार्गांवरचे असे हे देशातले पहिलेच.

दुसऱ्या दिवशी सिंधी कॅम्पहून मेट्रोने बडी चौपडला गेलो. पायऱ्या चढून वर आलो, तर जवळच हवामहल!

सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये हे शहर वसवले. आखणीत विद्याधर भट्टाचार्य हा बंगाली पंडित होता. पश्चिमेच्या चांदपोलपासून पूर्वेच्या सूरजपोलपर्यंत सरळ रस्ता आणि त्यावर तीन चौपडी: छोटी, बडी आणि रामगंज. मेट्रो 2015 मध्ये मानसरोवरहून चांदपोलपर्यंत आली. 2020 मध्ये ती जमिनीखालून पुढच्या दोन चौपडींना पोहोचली. तिसरी मात्र राहिली. रत्नांना पैलू पाडणाऱ्यांची, हातावर पोट असलेल्या कारागिरांची दाट वस्ती आहे ती याच रामगंज भागात.

जवळच 'मणिहारों का रास्ता' आहे. तिथे शेगडीवर लाख तापवून बांगड्या वळणारी एक बाई भेटली. ती सूरजपोलच्या पलीकडून रोज पायी येते.

"रिक्षा नाही करत?" मी विचारले.

"जाता-येता रिक्षा केली, तर मजुरीत उरेल काय? रिक्षाचे पैसे मी लेकीसाठी ठेवते. तिचं कॉलेज मानसरोवरकडे. आधी रिक्षा, मग मेट्रो. एका वाटेला दोन भाडी."

रामगंजवरून ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत मेट्रो नेण्याच्या कामाची पायाभरणी 2023 मध्ये झाली. ते मी बोलून दाखवल्यावर ती हसली. "लवकर आली तर लेकीच्या कामाची. माझे पाय सरावलेत!"

आपल्या एसटीने मार्च 2023 मध्ये महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली. पुढच्याच महिन्यात राजस्थान रोडवेजनेही दिली. सवलत चांगलीच, पण गाडी वस्तीपर्यंत आली तरच तिचा उपयोग. स्टेशन चालवायला बायका आल्या, याचा आनंद आहेच. त्या स्टेशनापर्यंत पोहोचणे प्रत्येकीला परवडले पाहिजे, एवढेच.

लेकीसाठी बांगड्या घेतल्या. भाव करायला मात्र जीभ रेटली नाही.

ऑक्टोबर ते मार्च हा जयपूर पाहायला उत्तम काळ. हवामहल पाहून झाला की तसेच पूर्वेला थोडे चालत जा. तिसरी चौपडही जयपूरच आहे.