राजगृहातील बिंबिसाराचा तुरुंग

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन केले आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही आमच्या विहारातली एकेचाळीस माणसे बुद्धगयेला निघालो. दर पौर्णिमेला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून दोन वर्षांत ही सहल जमली होती. आमच्यात गिरणीतून घरी बसलेले काका होते, पालिकेच्या सफाई खात्यातले जोडपे होते, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया होत्या आणि कॉलेजात शिकणारी पोरे-पोरीही होत्या. पिशव्यांत चटणी, लाडू, चिवडा. गाडीत दोन रात्री भीमगीतांत आणि पत्त्यांत कशा गेल्या ते कळले नाही.

बुद्धगयेबद्दल आपल्या वाचकांनी पुष्कळ वाचले आहे. महाविहार मुक्तीचा लढाही सर्वांना ठाऊक आहे. म्हणून त्याविषयी इथे लिहीत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते राजगीरबद्दल, आणि तेही तिथल्या एका अशा जागेबद्दल जिथे यात्रेकरू पाच मिनिटे थांबतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. आम्ही तिथे दोन तास बसलो.

पाच डोंगरांची नगरी

राजगीर म्हणजे पाली ग्रंथांतले राजगृह, मगधाची जुनी राजधानी. वैभार, विपुल, रत्न, उदय आणि सोन या पाच डोंगरांच्या कुशीत वसलेली. डोंगराच्या माथ्यांवरून न घडवलेल्या मोठमोठ्या दगडांचा तट मैलोन्‌मैल गेलेला आजही दिसतो. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आमच्यातले एक काका जन्मभर बिगारीकाम केलेले. त्या तटाकडे बघून म्हणाले, "हे ज्यांनी उचललं त्यांची नावं कुठं लिहिलीत?" त्याला उत्तर कुणाकडेच नव्हते.

गावात गरम पाण्याची कुंडे आहेत. वेळुवन आहे, बिंबिसार राजाने भगवान बुद्धांना आणि संघाला दान दिलेले बांबूचे बन. वैभार डोंगरावर सप्तपर्णी गुहा आहे, जिथे पहिली संगीती भरली असे मानतात. रत्नगिरीवर १९६९ साली उभारलेला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आहे, तिथे खुर्च्यांच्या पाळण्यातून जाता येते. आमच्या बायांनी डोळे मिटून घेतले, पण गेल्या सगळ्या. येताना सिलावचा खाजा घ्यायला विसरू नका. एकावर एक पापुद्रे असलेली ही मिठाई आठ दिवस टिकते.

गृध्रकूटाकडे जाताना आमच्या तांगेवाल्याने रस्त्याच्या कडेला घोडा थांबवला आणि म्हणाला, "बिंबिसार का जेल."

साठ मीटरचा चौक

तिथे छप्पर नाही, गज नाहीत. सुमारे साठ मीटर लांब आणि तेवढीच रुंद अशी चौकोनी जागा. भोवती दोन मीटर जाडीची दगडी भिंत, आता पडून बुटकी झालेली. कोपऱ्यांना गोल बुरूज. आत गवत. पुरातत्त्व खात्याने इथली माती काढली तेव्हा दगडी कोठड्या सापडल्या, आणि एका कोठडीत लोखंडी कडी सापडली. ती बेडीची असावी असे म्हणतात. अजातशत्रूने आपल्या बापाला, बिंबिसाराला, कोंडले ती जागा हीच असे परंपरा मानते. चौकात उभे राहिले की समोर गृध्रकूटाचा डोंगर दिसतो. बुद्ध त्या डोंगरावर राहत. तेवढेच दर्शन राजाला तुरुंगातून मिळे.

आमच्याबरोबर आलेल्या बौद्धाचार्यांनी तिथेच गवतावर बसून अट्ठकथेतली हकीकत सांगितली. अजातशत्रूने बापाला उपाशी ठेवून मारायचे ठरवले. फक्त राणीला, म्हणजे कोसलदेवीला, भेटायची परवानगी होती. ती ओच्यात अन्न लपवून नेऊ लागली. ते उघडकीला आले, तेव्हा ओचा बंद. मग तिने अंबाड्यात अन्न नेले. तेही सापडले, तेव्हा केस बांधून जाणे बंद. मग पायताणात नेले. तेही बंद. शेवटी तिने अंघोळ करून अंगाला चार गोड पदार्थांचा लेप लावला आणि नवऱ्याला तो चाटायला दिला. पुढे भेटच बंद झाली. राजा चंक्रमण करीत, म्हणजे ध्यानात येरझाऱ्या घालीत, जगला. तेव्हा त्याचे तळपाय चिरून त्यांवर मीठ चोळायला लावले. आणि ज्या दिवशी अजातशत्रूला मुलगा झाला, पोटच्या पोराची माया म्हणजे काय ते त्याला कळले, त्याच दिवशी त्याने बापाला सोडायचा हुकूम दिला. पण बाप गेला होता.

सगळे गप्प होते. आमच्यातल्या एक मावशी मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "राणीचीबी झडती घेत हुते म्हणायची."

आणि त्या रडू लागल्या.

आम्हाला माहीत असून

मावशींचा बावीस वर्षांचा मुलगा आठ महिने तुरुंगात होता. चोरीच्या प्रकरणात पोरांच्या टोळक्याबरोबर त्यालाही उचलले होते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. विहाराच्या पायऱ्यांवर त्याची कुजबुजही आम्हीच केली होती. पण मावशींना एकानेही विचारले नव्हते की, पोरगा कसा आहे? सहलीला तरी त्या का आल्या होत्या? बोधिवृक्षाखाली पोरासाठी दिवा लावायला.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सांगितले. सकाळी सहाला जाऊन नंबर लावायचा. दुपारी कधीतरी काचेपलीकडे पोरगा दिसतो, फोनवर बोलायचे, दहा मिनिटांत तोडतात. घरचा डबा आत जात नाही, मनीऑर्डर करायची. पन्नास माणसांच्या बराकीत दीडशे माणसे. रात्री कुशीवर झोपायचे, कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवायचे. सगळ्यांना मिळून दोन संडास. अंगभर खरूज. "साहेब, मलम तरी द्या म्हनलं, तर म्हनले, हे काय तुमचं घर हाय का?"

सर्वांत मोठी गोष्ट शेवटी कळली. मुलाला चार महिन्यांपूर्वीच जामीन मंजूर झाला होता. पंचवीस हजारांचा जामीनदार मिळाला नाही, म्हणून तो आत होता. खोली भाड्याची, रेशनकार्ड गावचे, नातेवाईक हातावर पोट असलेले. न्यायालयाने सोडले होते, गरिबीने धरून ठेवले होते.

याच बिहारातून निघालेला निकाल

रात्री मुक्कामाला सगळे एकत्र बसलो. आमच्यातली एक मुलगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "आपण ज्या बिहारात बसलोय, त्याच बिहारातल्या कैद्यांमुळे देशाला हा हक्क मिळाला."

१९७९ साली बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्यापेक्षा जास्त वर्षे काही माणसे खटल्याविनाच कोंडलेली होती. ॲड. कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. हुसैनारा खातून या नावाने तो खटला ओळखला जातो. न्या. पी. एन. भगवती यांनी सांगितले की, लवकर खटला चालणे हा संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि गरिबाला फुकट वकील मिळालाच पाहिजे. या प्रकरणामुळे सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी सुटले असे सांगितले जाते.

याच राज्यात, भागलपूरला, १९७९-८० मध्ये पोलिसांनी तीसहून अधिक संशयितांचे डोळे टोचून त्यांत ॲसिड ओतले. ते प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेले. बिंबिसाराच्या तळपायांवर मीठ चोळले गेले त्याला अडीच हजार वर्षे झाली असतील, पण भागलपूर आमच्यातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतले आहे.

आता तरी बदलले आहे का? सरकारच्याच २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ माणसांची जागा होती आणि ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारांत तीन जणांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. आणि दर पाच कैद्यांमागे साधारण एक अनुसूचित जातीचा होता. लोकसंख्येतल्या आपल्या वाट्यापेक्षा तुरुंगातला आपला वाटा मोठा आहे. आत गेल्यावरही जात सुटत नव्हती. कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमावलींत झाडू-संडास खालच्या जातींना आणि स्वयंपाक वरच्या जातींना असे लिहिलेले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले, त्यासाठी अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या १७ व्या कलमाचाही आधार घेतला, आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. संविधान लागू झाल्यावर हे व्हायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

परभणीचा विषय निघालाच. डिसेंबर २०२४ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर धरपकड झाली, आणि कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईने लढा दिला, तेव्हा जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. आईच लढते. कोसलदेवीपासून हेच चालले आहे.

बाबासाहेबांनी दिलेले कुलूपतोड

त्या मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांनाही ठाऊक नव्हती. संविधान सभेत जगण्याच्या हक्काचे कलम मंजूर झाले, तेव्हा ते फार दुबळे आहे अशी तक्रार होती. कायदेमंडळाने कसलाही कायदा केला तरी माणसाला डांबता येईल अशी भीती होती. बाबासाहेबांनी ती ओळखली आणि १५ सप्टेंबर १९४९ रोजी भरपाई म्हणून नवे कलम, १५-अ, मांडले. तेच आजचे २२ वे कलम. अटक केलेल्याला कारण सांगा, त्याला त्याच्या पसंतीचा वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. पोलीस ठाण्याच्या दारात आपली बाई जेव्हा म्हणते, "पोराला कशासाठी आणलंय ते सांगा," तेव्हा तिच्या पाठीशी बाबासाहेब उभे असतात.

वाचक बंधू-भगिनींनो, पुढचे कापून घरात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींचे लोक, स्त्रिया आणि कोठडीतला कोणीही माणूस यांना फुकट वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, फोन १५१००. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा न झालेला आणि दुसरे खटले नसलेला कच्चा कैदी जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला सोडावे लागते. पूर्वी शिक्षा झालेल्यांना, दुसरे खटले नसतील तर, निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. आणि ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाने प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करायचा विचार न्यायालय आपणहून करू शकते. मावशींना चार महिन्यांत हे कुणी सांगितले नव्हते.

जीवकाच्या आंबराईत

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीवकाच्या आंबराईत गेलो. तुरुंगापासून ती जवळच आहे. बाप मेल्यानंतर अजातशत्रूला चैन पडेना. एका पौर्णिमेच्या रात्री तो इथे बुद्धांकडे आला आणि आपला अपराध त्याने कबूल केला. बुद्धांनी त्याला हाकलले नाही. चूक ओळखून ती पुन्हा न करण्याचा निश्चय करणे ही वाढच आहे, असे ते म्हणाले. बापाचा खून केलेल्या राजाशी बुद्ध असे वागले. आम्ही तर एका पोराच्या आईशी आठ महिने बोललो नव्हतो.

वंदना झाल्यावर बिगारीकाम केलेले ते काका उठले. त्यांची वस्तीतली खोली स्वतःच्या नावावर आहे. म्हणाले, "जामीनदार मी राहतो." त्यांची बायको घाबरली, पोरगा पळाला तर आपली खोली जाईल म्हणाली. तिचे भय खोटे नव्हते, आणि आम्ही त्याला हसलो नाही. शेवटी ठरले की, वेळ आलीच तर पंचवीस हजारांतला वाटा एकेचाळीस जणांनी उचलायचा. एकेकाच्या वाट्याला सहाशे-सव्वासहाशे रुपये येतात. राजगीरच्या पाळण्याला आणि खाजाला आम्ही याहून फार कमी खर्च केला नव्हता.

परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मुलगा सुटला. खटला चालू आहे. निकाल काय लागेल ते न्यायालय ठरवील. तो दर तारखेला हजर राहतो, आणि त्याच्याबरोबर आमच्यातला एकजण जातो. अंगावरची खरूज जायला दोन महिने लागले.

आता आमच्या विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर एक प्रश्न विचारला जातो: आपल्यापैकी कुणाचे माणूस आत आहे? पहिल्या वेळी कुणीच हात वर केला नाही. दुसऱ्या पौर्णिमेला तिघींनी केला.

जयभीम.