टाचेला कुठलं ऊन?

भोपाळमध्ये कुणाला कर्करोग झाला, की पहिला प्रश्न ठरलेला : गॅसच्या रात्री कुठे होतात? 1984 च्या त्या डिसेंबरात आत्या पिपलानीत, भेल कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होती. गॅस सुटलेल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यापासून बरीच लांब. तरी शेजारपाजारचे विचारतच राहिले. तिच्या टाचेवरचा काळा डाग मेलानोमा निघाला होता. त्याचा गॅसशी संबंध जोडायला आधार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. मग ऊन कारण असेल का, हे मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘तलवे को कहाँ की धूप?’’

त्याआधी एका दवाखान्यात कुरूप समजून कॉर्न कॅप लावून झाल्या होत्या. डाग पसरतच होता. एम्सच्या त्वचाविभागात बाईंनी टाचेवर डर्मोस्कोप टेकवला आणि मोबाइलवर फोटो मोठा करून मला दाखवला. तळपायाच्या कातडीला बारीक रेघा असतात. उंचवटे आणि खाचा. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांत बसतो, मेलानोमाचा उंचवट्यांवर. आत्याचा उंचवट्यांवर होता. ही खूण पक्की केली जपानच्या तोशिआकी सैदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तिथेही हा रोग आपल्यासारखाच तळपायांवर आणि नखांखाली जास्त सापडतो. गोऱ्या कातडीच्या देशांत मात्र तो मुख्यतः उन्हाचा रोग, आणि औषधांचं बहुतेक संशोधन झालं ते तिथल्या रोग्यांवर.

बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत मी रात्री जागून वाचत होते. कितीतरी वर्षं पसरलेल्या मेलानोमाला डकार्बाझिनशिवाय फारसं काही नव्हतं. 2011 मध्ये अमेरिकेत इपिलिमुमॅबला मान्यता मिळाली, 2014 मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅबला. कर्करोगाने अडवून धरलेल्या प्रतिकारपेशींना मोकळं करणारी ही औषधं. त्यामागच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना 2018 चं नोबेल मिळालं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा 2015 मध्ये मेंदूत पोचला होता. ते शंभरी गाठून गेले. मी हुरळून बाईंना हे सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, उन्हाने पेशींच्या डीएनएत इतके बिघाड होतात, की ती गाठ शरीराला परकी वाटते. मोकळ्या सुटलेल्या प्रतिकारपेशी तिला चटकन ओळखतात. तळपायाच्या गाठीत असे बिघाड कमी, म्हणून तीच औषधं इथे कमी चालतात. मला याची चीडच आली. उन्हाने आजार द्यायचा आणि उपचाराची सोयही त्यानेच करून ठेवायची! बीआरएएफ जनुकातला बिघाडही, ज्यावर वेमुराफेनिबसारख्या गोळ्या आहेत, आपल्याकडच्या गाठींत कमी आढळतो. काहींत केआयटीचा सापडतो. त्यातल्या काही रोग्यांना रक्ताच्या कर्करोगावरचं जुनं इमॅटिनिब लागू पडतं. ते भारतात स्वस्त मिळतं.

रिपोर्टमध्ये जाडी 1.8 मिलिमीटर आली. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 मध्ये ही मोजणी मांडली, आणि अजूनही पुढचं बरंचसं तिच्यावरच ठरतं. सर्जनने डाग भोवतालच्या कातडीसकट काढला, तिथे मांडीची कातडी लावली. जांघेतली लसीकाग्रंथी तपासली, ती साफ निघाली. नोबेलवालं एकही औषध द्यावं लागलं नाही. आत्या आता मऊ एमसीआर रबराची चप्पल घालून भाजी आणायला जाते. तीन महिन्यांनी तपासणी असते, तेव्हा जांघ चाचपतात, दोन्ही तळपाय बघतात.

बायोप्सीचा तुकडा ज्यात आहे तो मेणाचा ठोकळा जपून ठेवायला सांगितलाय. रोग उलटलाच तर केआयटीची चाचणी त्यावरूनच होईल. मे महिन्याच्या धास्तीने मी तो फ्रिजमध्ये ठेवायला निघाले, तर आत्या कडाडली, ‘‘माझ्या दह्याशेजारी नाही हं!’’ सध्या तो माझ्या घरी आहे.